छतावरील सौरऊर्जा : बचतीचे गणित कसे मांडावे?

गोव्यात वीजनिर्मिती अत्यल्प असून राज्याला लागणारी बहुतांश वीज बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे घराच्या छतावरच वीज निर्माण करण्याच्या पर्यायाला येथे विशेष महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ मधील ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली’ योजनेखाली घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटसाठी ३० हजार, २ किलोवॅटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचासाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. तथापि, संचाचा आकार अनुदानावरून नव्हे, तर घरातील वीजवापरावरून ठरवणे हिताचे ठरते.

१ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देतो आणि त्यासाठी सुमारे १० चौरस मीटर जागा लागते. या हिशेबाने महिन्याला २४० युनिट वापरणाऱ्या कुटुंबास २ किलोवॅट पुरेसे होतात. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते. म्हणून एका बिलावर न विसंबता बारा महिन्यांची सरासरी काढावी.

दिवसा उरलेली वीज नेट मीटरद्वारे ग्रीडमध्ये जाते व रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. वापर वाढतो तसा दरही टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने प्रथम सर्वांत महाग युनिट वाचतात. साहजिकच अधिक वापर असलेल्या घरात गुंतवणूक लवकर वसूल होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

एक गैरसमज दूर व्हायला हवा. बॅटरी नसलेला, ग्रीडशी जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था असते. खंडित पुरवठ्यातही दिवे हवे असल्यास बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

गोव्यात पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे १५ अंशांच्या उतारावर बसवणे योग्य ठरते. माडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन घटते; शिवाय नारळ पडून काच फुटण्याचा धोका असतो. कौलारू घरात आधी वासे व रिपा तपासून घ्याव्यात. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने लोखंड गंजते, म्हणून सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला वा ॲल्युमिनियमचा असावा.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा व काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. संच बसून नेट मीटर लागल्यानंतर व तपासणी झाल्यानंतर अनुदान बँक खात्यात जमा होते. त्यामुळे तोवरच्या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवावी.