बोललेला शब्द आणि टिपणारा हात

खानदेशांतील एखादा विद्यार्थी वृत्तपत्रें, नभोवाणी किंवा चित्रपट यांपैकीं एखादा विषय घेऊन पदव्युत्तर परीक्षेसाठीं लघुप्रबंध लिहावयास बसला, म्हणजे त्याच्या हातीं प्रथम संशोधनपद्धतीचीं पाठ्यपुस्तकें पडतात. प्रश्नावली कशी आंखावी, नमुना किती घ्यावा, मजकुराचें पृथक्करण कसें करावें, हें सर्व त्यांत सांगितलेलें असतें. आणि तें अवश्यही आहे. परंतु पुढ्यांत आलेला मजकूर कोणाच्या व किती हातांतून आला, हा जो पहिला प्रश्न, त्याची तालीम त्याच्याच प्रांतांत फार पूर्वीं होऊन गेलेली आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचें मुख्य ठाणें जें धुळें, तेथें ही तालीम देणाऱ्या पुरुषानें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेवला.

ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. पुढें या मालेचे एकंदर २२ खंड झाले. छापील पान वाचणारास त्यामागील खटपट दिसत नाहीं. जुन्या मोडी पत्रावर पुष्कळदां सालच नसे. ‘छ’ हें अक्षर, पुढें चंद्राचा आंकडा आणि मुसलमानी महिन्याचें नांव, एवढेंच. मग पत्रांत कोणाचा मुक्काम कोठें आहे, कोणती लढाई झाली, कोण अद्यापि जिवंत आहे, यांवरून वर्ष ठरवावयाचें. शुहूर सन दिलेला असला तरी काम संपलें असें नाहीं. तें वर्ष मृगाच्या सुमारास बदलतें. म्हणून इसवी सनाकरितां कधीं ५९९ तर कधीं ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजींचा, म्हणजे शुहूर ११६१ मधला; पण त्याच शुहूर सनांतील आषाढाचें पत्र १७६० चें ठरतें. येथें एकानें चुकणें म्हणजे पराभवानंतरची बातमी पराभवापूर्वीं पोंचविणें होय!

बखरींचीही त्यांनीं अशीच झडती घेतली. पुष्कळ बखरी प्रसंगानंतर कित्येक वर्षांनीं, ऐकीव गोष्टींच्या आधारें लिहिलेल्या. पत्र मात्र त्याच दिवसाचें. म्हणून साक्ष पत्राची आधीं. हा निकष वृत्तपत्राच्या बातमीस आणि तिच्याविषयीं मागाहून लिहिलेल्या आठवणीस जसाच्या तसा लागू पडतो. राजवाडे स्वतः तो सर्वत्र पाळीत, असें मात्र म्हणवत नाहीं. कागद तपासतांना ते जितके कठोर, तितकेच शब्दांच्या व्युत्पत्तींत व जातिविषयक अनुमानांत उतावीळ होत. त्यांच्या मागें १९२७ सालीं धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें.

धुळ्याच्याच कारागृहांत १९३२ सालीं या प्रश्नाचें दुसरें रूप दिसतें. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधींत दर रविवारीं विनोबा भावे यांनीं सहबंदिवानांपुढें गीतेवर प्रवचन केलें. अठरा रविवार, अठरा अध्याय. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहांत पडलेले साने गुरुजी तेथेंच बंदींत होते, आणि ते हीं प्रवचनें लिहून घेत. ‘गीता प्रवचनें’ हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. आतां विनोबांची वाणी मोजकी व सूत्रमय, गुरुजींची लेखणी जिव्हाळ्यानें ओथंबणारी. एखादा दृष्टान्त विस्तारलेला आढळला, तर तो विस्तार बोलणाऱ्याचा कीं लिहिणाऱ्याचा? भक्तास हा प्रश्न पडण्याचें कारण नाहीं. अभ्यासकास तो पडलाच पाहिजे, आणि त्यांत गुरुजींचा अनादर मुळींच नाहीं. त्यांचा हात नसता तर ते शब्द त्या भिंतींतच विरले असते.

जळगांवास तर हा प्रश्न विद्यापीठाच्या दारावरच कोरलेला आहे. १९९० सालीं स्थापन झालेलें तें विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिरवितें. असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतांत सुचेल तें त्या गात. पुत्र सोपानदेव व घरांतील एक आप्त यांनीं त्यांपैकीं कांहीं टिपून ठेविलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या गेल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तीं गाणीं १९५२ सालीं छापून निघालीं. जें टिपलें गेलें नाहीं, तें गेलें.

आजचा विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन चोपड्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या खेड्यांत जातो आणि नभोवाणीवर काय ऐकतां म्हणून एखाद्या वृद्धेला विचारतो. ती आपल्या बोलीत, लेवा किंवा अहिराणींत, बोलते. तो घरीं येऊन तें ग्रांथिक मराठींत उतरवून काढतो. त्या क्षणीं टिपणारा हात त्याचाच झालेला असतो. प्रबंधाच्या परिशिष्टांत तिचे मूळ शब्द, मुलाखतीची तारीख, स्थळ, विचारलेला प्रश्न आणि त्या वेळीं शेजारीं कोण बसलें होतें, इतकें त्यानें नोंदविलें नाहीं, तर पन्नास वर्षांनीं तीं पानें उघडणारास ‘छ’ एवढेंच अक्षर हातीं लागेल.