पंच उठले आणि निवाडा मोडला

श्रोतेहो, कोहमाऱ्यासारख्या गावात बांधाचा तंटा निघाला, की ज्या पंचांनी गाऱ्हाणे ऐकले त्यांनीच निवाडा द्यावा, असे आपण म्हणतो. बँकांतल्या कारकुनांना ही गोष्ट फार महाग पडली.

1949 साली सरकारने त्यांच्या पगाराचा तंटा तिघांच्या लवादापुढे ठेवला. अध्यक्ष न्यायमूर्ती सेन. पंचांपैकी चंद्रशेखर अय्यर मध्येच भारत-पाकिस्तानच्या सीमातंट्याला गेले. म्हणजे तोही बांधाचाच तंटा! मागे दोघांनी काम चालवले. अय्यर परत येऊन पुन्हा बसले, 1950 साली निवाडा झाला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लवादाची बैठकच नियमाला धरून नव्हती, म्हणून 1951 साली सारा निवाडा रद्द झाला. पगार रास्त की कमी, हा प्रश्न तसाच राहिला.

मग शास्त्री लवाद बसला. 1953 साली त्याचा निवाडा, पुढे अपील. अपिलाचा निकाल 1954 साली सरकारने बदलला, तेव्हा मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिला. अखेर साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या आयोगाचा अहवाल आला आणि 1955 साली कायदा झाला.

तोवर सहा वर्षे गेली होती. तेव्हा मंडळी, पंच बसवताना शेवटपर्यंत कोण बसणार, हे आधी पक्के करून घ्यावे.