डेटा व्हॅलिडेशनची जागा

वेब ॲप्लिकेशनमध्ये भरलेली माहिती नियमांत बसते का, हे कोडच्या कोणत्या थरात तपासावे, हा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेतला जुना वाद आहे. ब्राउझरमधला फॉर्म, सर्व्हरवरचा कंट्रोलर, डोमेन ऑब्जेक्ट आणि डेटाबेस या तपासणीच्या चार जागा. नियम तपासायला लागणारी माहिती जिथे पुरती हाताशी असते तिथे तो नियम ठेवावा, हा निकष सर्वांत टिकाऊ आहे.

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, पाताळगंगेकाठी असलेल्या आपटा गावच्या एखाद्या जमिनीचा सातबारा उदाहरणादाखल घेऊ. सर्वे नंबर रिकामा नसावा, आधार क्रमांक १२ अंकी असावा आणि त्याचा शेवटचा तपासणी अंक व्हेरहोफ पद्धतीने जुळावा, हे नियम नुसत्या टाइप केलेल्या मजकुरावरून कळतात. ते फॉर्मवर तपासले की माणसाला चूक लगेच दिसते. मात्र ब्राउझरला वगळून थेट सर्व्हरकडे विनंती पाठवता येते. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

क्षेत्राची गोष्ट वेगळी. सातबारावर ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. ही दशांश संख्या नव्हे. ती मजकूर म्हणून किंवा अपूर्णांक म्हणून फिरवत राहिले, तर प्रत्येक स्क्रीनवर तपासणी नव्याने लिहावी लागते आणि बेरजा चुकतात. त्यापेक्षा 'क्षेत्र' हा स्वतंत्र व्हॅल्यू ऑब्जेक्ट करावा: आत ४,०५० चौरस मीटर हा पूर्णांक आणि चुकीची किंमत आली तर ऑब्जेक्ट तयारच होऊ नये. एरिक इव्हान्स यांच्या २००३ सालच्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकानंतर ही रीत रुळली.

खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे, हा नियम कोणत्याही एका रकान्याचा नाही. पंधरा आर नावावर असलेल्याने वीस आर विकल्याची नोंद फॉर्मच्या सगळ्या तपासण्यांतून सुखरूप पार पडेल. ती अडवायला सगळे खातेदार एकत्र पाहणारा सातबारा ऑब्जेक्टच हवा. असे नियम फॉर्म-क्लासमध्ये ठेवण्याची सवय घातक आहे, कारण उद्या डेटा आयात करणारी स्क्रिप्ट किंवा मोबाइल ॲप त्या वाटेने येतच नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेलवर नियम लिहिले तरी नुसत्या 'सेव्ह'ने पूर्ण तपासणी होत नाही, ती आपल्याला वेगळी बोलवावी लागते.

ऑब्जेक्ट सदैव वैध असावा, हा आग्रहही तारतम्याने धरावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी फेरफार नोंदवहीत घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत चढते आणि मग नोंद प्रमाणित होते. प्रमाणित न झालेला फेरफार चुकीचा नसतो, तो प्रलंबित असतो. म्हणून 'नोंद घेणे' आणि 'प्रमाणित करणे' या दोन मेथडना आपापल्या अटी हव्यात. 'वैध आहे का?' असे एकच फंक्शन इथे अपुरे पडते.

एकाच फेरफार क्रमांकाच्या दोन नोंदी दोन संगणकांवरून एकाच क्षणी आल्या, तर ऑब्जेक्टला दुसरी दिसतच नाही. रेल्स या वेब फ्रेमवर्कमधली युनिकनेसची तपासणी याच फटीत फसते. तिथे गाव आणि क्रमांक यांवरचा डेटाबेसमधला युनिक इंडेक्स हाच खरा पहारा.

नवा नियम जुन्या नोंदींना लावताना फार जपावे लागते. हस्तलिखितावरून संगणकात आलेल्या सातबारात चुका राहतात, आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. पण नियमात न बसणारी नोंद प्रणालीने उघडूच दिली नाही, तर दुरुस्त कशी करणार? पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये 'नॉट व्हॅलिड' असे लिहून बंधन आधी नव्या आणि बदललेल्या नोंदींपुरते लावता येते. जुन्यांची तपासणी त्या दुरुस्त झाल्यावर करता येते.