स्वगत कोण ऐकते?

पदव्युत्तर वर्गाच्या निबंधांचा गठ्ठा तपासताना गेली काही वर्षे एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातील सुप्रसिद्ध स्वगताची तीन-चार चित्रपटीय रूपे समोर ठेवून तुलना करा, असा विषय दिला की बहुतेक विद्यार्थी नटांना गुण देऊ लागतात. ऑलिव्हिए संयत, ब्रॅना आवेशपूर्ण, हॉक 'आधुनिक'. आणि शेवटी, सर्वांत 'मूळ संहितेशी प्रामाणिक' अमुक एक. एका विद्यार्थिनीने मात्र वर्गात साधा प्रश्न विचारला : "सर, हे स्वगत चालू असताना ओफेलिया कुठे असते?" प्रस्तुत टिपण त्या प्रश्नातून निघाले आहे.

प्रथम त्या 'मूळ संहिते'विषयी. 'हॅम्लेट' 1603, 1604-05 आणि 1623 अशा तीन वेगवेगळ्या रूपांत छापले गेले. 1603 ची प्रत 1823 पर्यंत अभ्यासकांना उपलब्धच नव्हती. तिच्यात हे स्वगत आणि त्यानंतरचा ओफेलियाशी होणारा कठोर संवाद, हे दोन्ही नाटकात बरेच आधी येतात. तेव्हा दिग्दर्शकाने स्वगताची जागा हलवली की लगेच त्यास अपराधी ठरवण्याचे कारण नाही. छापखान्यानेच ती एकदा हलवलेली आहे. जागा बदलल्याने काय घडते, हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या संपूर्ण स्वगतात 'मी' हा शब्द एकदाही येत नाही. बोलणारा बोलतो ते 'आपण' या अनेकवचनात. आपल्या पित्याचा, आईचा, काकाचा उल्लेखही तो करीत नाही. आणि तो एकटा तरी आहे काय? 1623 च्या प्रतीत राजा व पोलोनिअस आडोशाला उभे आहेत, ओफेलिया हातात पुस्तक घेऊन तेथेच कोठेतरी आहे. स्वगत म्हणजे एकांत, हे आपण गृहीत धरतो; शेक्सपिअरने येथे त्या एकांताला कान लावून ठेवले आहेत.

रंगभूमीवर हे कान प्रेक्षकाच्या कानांत मिसळून जातात. पडद्यावर तसे होत नाही. 1913 च्या इंग्रजी मूकपटात साठीच्या घरातील फोर्ब्ज-रॉबर्टसन ओठ हलवताना दिसतात. शब्द प्रेक्षकाने आठवायचे. बोलपट आला आणि नवी सोय झाली : ओठ बंद ठेवून आवाज ऐकवता येऊ लागला. 1948 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने ती वापरली. कॅमेरा त्याच्या मस्तकाच्या मागील बाजूने जणू कवटीत शिरतो, काही ओळी मनातल्या मनात तर काही प्रकट ऐकू येतात, खाली समुद्र खवळलेला, आणि हातातील खंजीर निसटून पाण्यात पडतो. परंतु त्याने स्वगत ओफेलियाच्या प्रसंगानंतर, उंच बुरुजावर नेले. म्हणजे लपून ऐकणारे गेले! 1990 मध्ये झेफिरेलीनेही त्या प्रसंगानंतरच मेल गिब्सनला तळघरातील थडग्यांमध्ये पाठवले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एका माणसाच्या मनःस्थितीचा उरतो. ऑलिव्हिएने आरंभीच निवेदनातून ही निश्चय न करू शकणाऱ्या माणसाची शोकांतिका असल्याचे सांगून टाकले होते. माझ्या मते ते नाटकाचे आकुंचन आहे, चित्रण कितीही देखणे असो.

कोझिन्त्सेवच्या 1964 च्या रशियन चित्रपटातही स्वगत मनातच उमटते, तरी परिणाम अगदी निराळा. स्मोक्तुनोव्स्की खडकाळ किनाऱ्यावरून चालत राहतो, ओठ मिटलेले. भाषांतर पास्तरनाकचे, संगीत शोस्ताकोविचचे. हेच भाषांतर कोझिन्त्सेवने 1954 मध्ये, स्तालिनच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, लेनिनग्राडच्या रंगभूमीवर आणले होते. लेखकांना आणि संगीतकारांना शब्द जपून वापरावे लागलेल्या देशात ओठ मिटून विचार करणारा राजपुत्र हे केवळ चित्रतंत्र राहत नाही. ऑलिव्हिएचे मौन मानसशास्त्रातून आलेले, कोझिन्त्सेवचे सावधगिरीतून. तंत्र तेच, इतिहास वेगळा. विद्यार्थ्यांच्या निबंधात नेमके हे निसटते.

1996 मध्ये केनेथ ब्रॅनाने ऐकणारे परत आणले. आरशांच्या दालनात तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी मोठ्याने बोलतो, आणि त्याच आरशाआडून क्लॉडिअस व पोलोनिअस त्याला पाहत असतात. चार तासांच्या त्या भव्य, क्वचित भपकेबाज चित्रपटातील ही सर्वांत नेमकी कल्पना. त्यानंतर 2000 मध्ये अल्मेरेडाचा ईथन हॉक न्यूयॉर्कमधील चित्रफितींच्या दुकानात, 'अ‍ॅक्शन' अशा पाट्यांखालून हिंडतो. कृती हरवल्याची तक्रार कृतिपटांच्या फळ्यांमधून, हा विनोद चांगला आहे, पण एकदाच चालणारा.

आपल्याकडे आगरकरांचे 'विकारविलसित' 1883 चे, डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांनंतर वर्षभरात प्रसिद्ध झालेले. सोहराब मोदींचा 'खून का खून' 1935 चा. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. मग 2014 चा विशाल भारद्वाज यांचा 'हैदर' येतो. 1995 च्या काश्मीरमध्ये, मुंडण केलेला, गळ्यात दोर अडकवलेला शाहिद कपूर लाल चौकात जमलेल्या लोकांपुढे 'असण्या'चा प्रश्न मांडतो. स्वगताचे भाषण झाले, अशी टीका करणे सोपे आहे. पण त्यातील 'हम' पाहा. हिंदुस्थानीत तो एका माणसाचाही असतो आणि समूहाचाही. इंग्रजी चित्रपटांनी एका मस्तकात कोंडलेले ते अनेकवचन येथे मोकळे झाले.

त्या विद्यार्थिनीने आपला निबंध पुन्हा लिहिला. पाच चित्रपटांतले तीन तिने गाळले, ब्रॅना आणि 'हैदर' एवढे दोनच ठेवले, आणि पहिली दोन पाने आरशामागच्या माणसांवर लिहिली. ओफेलियाविषयी एकच परिच्छेद होता. तो वाढव, असे मी समासात लिहिले आहे.