हिव, दहिवर आणि ऊब : निमगाव सावा परिसराच्या निमित्ताने

कडाक्याच्या थंडीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासक प्रथम वेधशाळेच्या नोंदींकडे वळतो. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, तर नाशिकास ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत पारा उतरला होता. जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा हे गाव या दोन शहरांच्या दरम्यान वसलेले आहे. तथापि तेथील वावरांत त्या पहाटे काय घडले असेल, हे या आकड्यांवरून ठरविता येत नाही. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला असतो. निरभ्र व निवांत रात्री पिकालगतची हवा त्याहून कित्येक अंशांनी थंड होते, आणि ही जड हवा सखल रानांत साचते. येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते.

‘हिव’ हा शब्द संस्कृत ‘हिम’पासून आला. स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे हे मराठीचे वैशिष्ट्य होय. ‘ग्राम’चे ‘गाव’ झाले ते याच वाटेने, आणि निमगावच्या नावातही त्याची खूण आहे. अर्थ मात्र पालटला. बर्फ न पाहणाऱ्या या मुलखात हिव मुख्यतः माणसाच्या अंगात भरते. मलेरियास ‘हिवताप’ म्हणतात ते त्यामुळेच. पिकावर पडते ते दव किंवा दहिवर. घरची थंडी व शेतातील थंडी यांची अशी वाटणी भाषेने केली.

व्यवहारात मात्र या दोहोंचा हिशेब एकच होता. हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’त एक शेतकरी ऐन माघात पांघरूण देऊन बैल घेतो, पत्नीची ऊब त्यास भुशाच्या निर्धूम आगीसारखी वाटते. गाथा विनोदाची आहे, पण तिच्यातील सौदा खरा आहे. शेण थापून गोवऱ्या केल्या तर शेगडी पेटे, परंतु तेवढे खत रानाला कमी पडे. भुसा शेकोटीत घालावा की जनावरांपुढे, हाही तोच प्रश्न. घोंगडी, गोधडी, भोगीची बाजरीची भाकरी व तीळ यांचे मोल यामुळे ध्यानात येते : ही ऊब शेताच्या वाट्याचे जळण न घेता मिळे.

आज जुन्नरच्या द्राक्षबागांत हाच सौदा निराळ्या रूपाने चालू आहे. थंडीने मणी तडकू अगर गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद गुंडाळतात, पहाटे पाणी देतात, बांधावर पाचोळा पेटवितात. यांपैकी ओल्या जमिनीचा उपयोग निश्चित आहे, कारण ती उष्णता अधिक साठविते. नुसत्या धुराचा मात्र अल्प, कारण जमिनीतून निघणारी उष्णता तो फारशी अडवीत नाही. पण बाग वाचावी म्हणून शेतकऱ्याला अंथरूण सोडावे लागते. दहिवर पिकावर पडते, आणि हिव त्याच्या अंगात भरते. थंडीच्या इतिहासात पाऱ्याच्या नोंदीबरोबर या किमतीचीही नोंद व्हावयास हवी.