तिएके पक्ष्याचे पुनरागमन

इतिहास म्हटला की आपणांस राजांच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु अरण्यांनाही इतिहास असतो. न्यूझीलंडमधील एका पाखराच्या वनवासाची अशीच हकीकत आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. काळे अंग, पाठीवर तांबूस खोगीर, चण साळुंकीएवढी. माओरी लोक त्याला तिएके म्हणतात.

वटवाघळे सोडली तर त्या देशात मूळचा एकही भूचर सस्तन प्राणी नव्हता. म्हणून तिएके जमिनीलगतच्या ढोलीत निर्धास्त घरटे करी. पुढे माणसांबरोबर उंदीर आले, मांजरे आली. सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८०नंतर स्टोट हा मुंगसासारखा शिकारी प्राणी मुद्दाम आणून सोडला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिएके मुख्य भूमीवरून नाहीसा झाला. उत्तरेस हेन बेट आणि दक्षिणेस बिग साऊथ केप व लगतची बेटे, एवढाच आसरा उरला.

१९६४ साली बिग साऊथ केपवर उंदीर माजले. पहिली वर्दी दिली ती समुद्रपक्ष्यांची पिले धरण्यासाठी दरसाल तेथे जाणाऱ्या माओरींनी. उंदरांमुळे पक्ष्यांचा नाश होईल, हे काही तज्ज्ञांना पटत नव्हते. अखेर डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ तिएके शेजारच्या बेटांवर हलविले, ते तगले. त्याच बेटावरील पाणलाव्याची एक जात मात्र कायमची गेली.

उत्तरेकडील तिएकेही असेच बेटोबेटी पसरविण्यात आले. ऑकलंडजवळच्या तिरितिरी मातांगी बेटावर ते १९८४ साली पोहोचले. गुरे चारून उजाड झालेल्या या बेटावर सामान्य नागरिकांनी १९९४पर्यंत अडीच लाखांहून अधिक रोपे लावली. वेलिंग्टन शहरातील करोरीच्या रानाभोवती १९९९ साली आठ किलोमीटरांहून लांब कुंपण पुरे झाले, आतील उपद्रवी जनावरे काढली गेली, आणि २००२ साली तिएके मुख्य भूमीवर परतला.

पाखरू पिंजऱ्यातून सोडणे हे क्षणाचे काम. कामगार चळवळीत आम्ही पाहिले आहे की, मागणी पदरात पडते त्या दिवशी सभेला गर्दी लोटते. मिळालेले राखण्याच्या कामाला मोजकीच माणसे उरतात. रानाचेही तसेच आहे. वादळात एखादे झाड कुंपणावर कोसळले, तर त्या भगदाडातून उंदीर शिरायला एक रात्र पुरते. म्हणून त्या कुंपणाची पाहणी आजही चालूच आहे.