कोकणातल्या ज्यूंनी १८९७ मध्ये झायोनिझमचं आमंत्रण नाकारलं, मग ते इस्रायलला का गेले?

गाझातलं युद्ध सुरू झाल्यापासून आपल्या मोबाईलवर एक भांडण कायम चालू आहे. एका बाजूला ‘ज्यू म्हणजे झायोनिस्ट’, दुसऱ्या बाजूला ‘झायोनिझमला विरोध म्हणजे ज्यूंना विरोध’. दोन्ही बाजूंना ठाम खात्री. पण या दोन्ही वाक्यांत न बसणारे ज्यू आपल्या शेजारीच राहत होते, आणि ते मराठी बोलत होते.

आधी शब्दाचा अर्थ बघू. झायन ही जेरुसलेममधली टेकडी. ज्यू प्रार्थनांमध्ये तिथे परत जाण्याची आस शेकडो वर्षं आहे. पण ‘ज्यूंना स्वतःचा देश हवा, आणि तो माणसांनी राजकारण करून मिळवायचा’ हा विचार एकोणिसाव्या शतकातला. रशियात ज्यूंच्या कत्तली होत होत्या, सुधारलेल्या पश्चिम युरोपातही त्यांचा द्वेष संपत नव्हता. त्यातून थिओडोर हर्झल या पत्रकाराने ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात पहिली झायोनिस्ट परिषद भरवली.

तिचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायल समाजालाही आलं होतं, आणि त्यांनी ते नाकारलं. परतायचं तर देवाच्या हाताने, माणसाच्या ठरावाने नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे बेने इस्रायल कोण? त्यांच्या परंपरेनुसार फार जुन्या काळी अलिबागजवळच्या नवगावला एक जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज रायगडच्या गावागावांत पसरले. तेलघाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायला लागले. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर. नवस फेडायचा तर मलिदा करायचा आणि एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. समाजात सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. आज तो सगळा भाग मुस्लिम वस्तीचा आहे आणि सिनेगॉग तिथेच उभं आहे.

मुद्दा असा, की हर्झलचा सगळा युक्तिवाद छळावर उभा होता आणि इथे छळच नव्हता. दिवेकर स्वतः इंग्रजांच्या फौजेत होते. पुढे याच समाजातले बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर १९१६ मध्ये टिळकांच्या बचावासाठी जीनांबरोबर कोर्टात उभे राहिले, तर डॉ. अब्राहम एरुळकर गांधीजींच्या उपवासात त्यांच्यावर उपचार करत होते. अशा लोकांना ‘तुम्हाला देश नाही’ हे पटवून देणं अवघडच.

तरी वारं बदललं. १९१७ मध्ये ब्रिटनने बाल्फोर जाहीरनामा काढून पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला. १९२० मध्ये मुंबईतही झायोनिस्ट संघटना निघाली. पण पॅलेस्टाईन रिकामं नव्हतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अरब राहत होते आणि बहुसंख्य होते. खरा पेच इथे सुरू होतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं, की ज्यूंबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे आणि ज्यूंना त्यांच्यावर लादणं चूक आहे. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला. तो आज वाचताना अंगावर काटा येतो. जेरुसलेमहून मार्टिन ब्यूबर आणि ज्यूडा मॅग्नेस यांनी त्यांना पत्रं लिहून उत्तर दिलं. हे दोघे झायोनिस्टच, पण त्यांना फक्त ज्यूंचं राज्य नको होतं. एकाच देशात ज्यू आणि अरब समान हक्काने राहावेत, यासाठी ते झटत होते. ब्यूबर यांचं म्हणणं साधारण असं: या भूमीवर दोघांचाही दावा खरा आहे, तर त्यातला एक खोटा ठरवण्यापेक्षा दोन्ही सांभाळणारी वाट शोधू. मॅग्नेस हे हिब्रू विद्यापीठाचे पहिले प्रमुख होते, तरीही आपल्याच समाजात ते एकटे पडले. अरब नेतृत्वातही त्यांना पुरेशी साथ मिळाली नाही.

१९४७ मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. तिथल्या समितीत भारत होता. भारताने इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर वेगळा प्रस्ताव मांडला: फाळणी नको, ज्यू आणि अरब प्रांतांचं एक संघराज्य करा. आपली फाळणी नुकतीच झाली होती हे लक्षात घेतलं, तर ही भूमिका कुठून आली हे कळतं. २९ नोव्हेंबरला मतदान झालं. फाळणीच्या बाजूने ३३, विरोधात १३. भारत विरोधात होता.

मग युद्ध झालं. १९४८ मध्ये इस्रायल उभा राहिला आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. आपल्या आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्यामुळे गाव सुटणं म्हणजे काय, हे शिनोली-घोडेगावकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच, की तिथे पाणी नव्हतं. घरं होती, कुलपाच्या किल्ल्याही होत्या, पण परत जाऊ दिलं जात नव्हतं.

आणि याच नव्या देशाकडे मराठी ज्यू निघाले. कुणी श्रद्धेपोटी गेलं. कुणाला इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या, सरकारी खात्यांतल्या नोकऱ्यांचं काय होणार, ही काळजी होती. नातेवाईक गेले म्हणून निघालेलेही बरेच. तेव्हा देशात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. आज सगळ्या प्रकारचे ज्यू धरूनही भारतात पाच हजार भरत नाहीत.

तिथे मात्र पायघड्या नव्हत्या. भेदभावाला कंटाळून १९५१ मध्ये काहींनी ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून उपोषण केलं आणि काही कुटुंबं परतलीसुद्धा. १९६२ मध्ये तर मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला, की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडची वंशावळ तपासा. कोकणात ज्यांच्या ज्यू असण्यावर शेजाऱ्यांनी कधी शंका घेतली नाही, त्यांना ज्यूंच्या देशात ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

ज्यू-अरब शांततेची गाडी मात्र अडखळतच राहिली. १९७९ मध्ये इजिप्तशी करार झाला, १९९३ मध्ये राबिन आणि अराफत यांनी हात मिळवले. दोनच वर्षांत राबिन यांना एका ज्यू अतिरेक्यानेच गोळ्या घातल्या, तर हमासच्या आत्मघाती हल्ल्यांनी दुसऱ्या बाजूने तोच करार पोखरला. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. दोन्ही आजही कायम आहेत.

दिमोना, अश्दोद, लोद या गावांत अजून मराठी ऐकू येते, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघतं. आणि इकडे माझगावला बेने इस्रायल मुलांसाठी १८७५ मध्ये सुरू झालेली शाळा आज सर एली कदूरी यांच्या नावाने चालते. तिथे शिकणारी बहुतेक मुलं आता मुस्लिम आहेत.